कुलूप बाहेरून: एकाच खोलीत सस्पेन्स फिल्म शूट करायची असेल तर

मागच्या वर्षी आम्ही सहा जणांनी मिळून २२ मिनिटांची एक सस्पेन्स शॉर्टफिल्म केली, अख्खी एका झेरॉक्सच्या दुकानात. दुकान मित्राच्या मामांचं, १० बाय १२ फूट, वर पोटमाळा, मागे खिडकी नाही. आमचं गणित सोपं होतं, एकच लोकेशन म्हणजे प्रवास नाही, भाडं नाही, चार रात्रीत काम तमाम. लागल्या सहा रात्री, आणि त्यातली एक आख्खी रात्र वाया गेली ती कशामुळे ते पुढे सांगतोच. आम्ही सगळे कॉलेजात एकांकिका केलेली पोरं, त्यामुळे एका सेटवर गोष्ट सांगता येते हा जरा जास्तच कॉन्फिडन्स होता. पण नाटकात प्रेक्षक एका जागी बसलेला असतो, कॅमेरा नसतो बसलेला, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

ज्यांना पहिल्यांदाच असं काही करायचंय, खोली, लिफ्ट, गाडी, गोडाऊन, काहीही असो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमची गोष्ट थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं कळेल. दुकानात काम करणारा पोरगा रात्री शटर अर्धं ओढून हिशोब करतोय. बाहेरून कोणीतरी शटर पूर्ण खाली ओढतं आणि कुलूप घालतं. दुपारी एका गिऱ्हाईकाचा ओरिजिनल कागद मशीनच्या काचेवरच राहिलाय (हे आपण सगळ्यांनीच केलंय), आणि बाहेरच्या माणसाला तो हवाय. बस, एवढंच.

१. आधी गोष्टीतलं दार नीट बंद करा

कॅमेरा, लाइट, बजेट सगळं नंतर. पहिल्या दिवशी कागदावर एकच प्रश्न लिहा: हा माणूस बाहेर का जात नाही? आणि त्याच्या खाली दुसरा: फोन का करत नाही? याची उत्तरं पटली नाहीत तर प्रेक्षक पाचव्या मिनिटाला गोष्ट सोडून पळवाटा शोधायला लागतो आणि मग तुम्ही कितीही अंधार करा, काही उपयोग नाही.

आम्ही पहिल्या ड्राफ्टमधे सरळ लिहिलं होतं की फोनची बॅटरी संपली. वाचनाला बसलो तर सगळे हसले, कारण झेरॉक्सच्या दुकानात ड्रॉवरभर चार्जर विकायला असतात. मग बदललं. बाहेरचा माणूस आधी मदत करणारा म्हणून येतो, "अरे कुलूप कोणी घातलं रे, थांब मालकांना फोन लावू, माझ्या फोनला रेंज नाहीये, तुझा दे", आणि पोरगा स्वतःच्या हाताने शटरच्या फटीतून फोन बाहेर सरकवतो. बॅटरी संपण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं झालं कारण बघणाऱ्याला आत कुठेतरी कळत असतं की नको देऊस रे.

तेवढ्यात आमच्या साउंडवाल्याने विचारलं, दुकानात कॉम्प्युटर आहे ना? तो व्हॉट्सॲप उघडेल की. आम्ही डोक्याला हात लावून बसलो. दोन दिवस भांडलो, कॉम्प्युटर काढून टाका म्हणेपर्यंत गेलो, पण झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर नाही हे कोणाला पटणार? शेवटी ठरलं की कॉम्प्युटरला नेट मिळतं ते त्या पोराच्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून. म्हणजे फोन बाहेरच्या माणसाच्या खिशात आहे, आणि तो माणूस शटरजवळ उभा आहे तोवरच आत नेट आहे. आता पोराला त्याला बोलण्यात गुंतवून शटरपाशी थांबवायचंय, आणि त्याच वेळी चार फूट मागे जाऊन मेसेज टाइप करायचाय. आख्ख्या फिल्ममधला सगळ्यात चांगला सीन हा आहे आणि तो एक भोक बुजवताना सापडला.

म्हणून स्क्रिप्ट चार अशा लोकांना वाचायला द्या ज्यांना फिल्मचं काही पडलेलं नाही. त्यांना एवढंच सांगा की तू आत अडकलायस, बाहेर कसा निघशील ते सांग. ते जे जे सांगतील ते एकतर बंद करा किंवा गोष्टीत वापरा.

२. जागेचा नकाशा काढा, टेपने मोजून

अंदाजाने नाही. टेप घेऊन जा आणि काउंटरची लांबी, शटरपासून मशीनचं अंतर, पोटमाळ्याची उंची, स्विचबोर्ड कुठे, प्लग किती, सगळं ग्राफ पेपरवर उतरवा. मग त्यावर कॅमेरा कुठे कुठे उभा राहू शकतो तिथे फुल्या मारा. आमच्या दुकानात मिळाल्या नऊ फुल्या. त्यातल्या दोन, मशीन भिंतीपासून दोन फूट पुढे ओढलं तरच.

मोठ्या फिल्म सेटवर करतात आणि तिथे भिंत हलवता येते. सस्पेन्सचा गाजलेला दिग्दर्शक हिचकॉकने १९४८ मधे 'रोप' केला तेव्हा कॅमेऱ्याच्या वाटेत येणाऱ्या भिंती सरकवायची सोय करून ठेवली होती. २०१० च्या 'बरीड' मधे माणूस पूर्ण वेळ एका पेटीत असतो, तर शूटिंगला वेगवेगळ्या सात पेट्या केल्या होत्या. आपल्याला मामांच्या दुकानाची भिंत पाडता येत नाही. त्यामुळे कुठून कुठून आरपार बघता येईल ते शोधा: काउंटरच्या काचेतून, वह्यांच्या गठ्ठ्यांमधल्या फटीतून, पोटमाळ्यावरून खाली, मशीनच्या उघड्या झाकणाखालून. आमचा कॅमेरा एका शॉटला चक्क कागदाच्या रिकाम्या खोक्यात ठेवलाय.

नकाशाचा दुसरा उपयोग प्रेक्षकासाठी. पहिल्या तीन मिनिटांत त्याला खोली पाठ झाली पाहिजे, म्हणजे शटर इकडे, मशीन तिकडे, कॉम्प्युटर कोपऱ्यात, शिडी मागे. आम्ही पोराला नुसतं दुकान आवरायला लावलं, तो कचरा काढत काढत सगळीकडे फिरतो आणि काम होतं. पुढे अंधारात शिडी करकरली की बघणाऱ्याला लगेच कळतं कुठून आवाज आला.

३. प्रेक्षकाला किती सांगायचं ते ठरवा

नवीन लोकांची (आमचीसुद्धा) चूक म्हणजे सगळं लपवून ठेवायचं आणि शेवटी धप्पा द्यायचा. हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलं असेल: बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंद दचकायला होतं, पण तो टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि माणसं वर निवांत गप्पा मारत असतील तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. आमचा कागद मशीनच्या काचेवर आहे हे प्रेक्षकाला दुसऱ्या मिनिटाला दिसतं. पोराला दिसतं नवव्या मिनिटाला. मधली सात मिनिटं तो ड्रॉवर उपसतो, रद्दी उपसतो, आणि दोनदा त्याच मशीनवर हात टेकून उभा राहतो. हे लिहायला काही अक्कल लागली नाही, फक्त माहिती कोणाला कधी द्यायची त्याचा क्रम बदलला.

वहीत तीन कॉलम पाडा: पोराला काय माहीत, बाहेरच्याला काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत. प्रत्येक सीननंतर भरा. तिन्ही कॉलम सारखेच भरले गेले तर तो सीन बहुतेक कापावा लागणार आहे.

४. कागदपत्रं

कंटाळवाणं आहे पण करा.

– जागेच्या मालकाचं लेखी संमतीपत्र, तारखा आणि वेळेसकट. जागा भाड्याची असेल तर मूळ मालकाचंही. मामा भाडेकरू आहेत हे आम्हाला दुसऱ्या रात्री कळलं, तेही मूळ मालक दारात उभे राहिल्यावर.
– बिल्डिंगमधे असेल तर सोसायटीचं ना हरकत पत्र.
– कॅमेरा रस्त्यावर येणार असेल तर वेगळी परवानगी लागते, पोलीस आणि महापालिका दोन्हीकडे चौकशी करा. आम्ही रस्त्यावरचा एकमेव शॉट रद्दच केला आणि फिल्म सुधारली.
– प्रत्येक कलाकाराचं सहीचं संमतीपत्र. मित्र असला तरी. विशेषतः मित्र असला तर.
– भाड्याच्या कॅमेऱ्यासाठी ओळखपत्र आणि डिपॉझिट, आणि घेताना लेन्सच्या काचेचा फोटो काढून ठेवा नाहीतर जुना ओरखडा तुमच्या नावावर.
– म्युझिक स्वतःचं किंवा रीतसर लायसन्सचं. फोनची रिंगटोनसुद्धा यात आली.
– थिएटरमधे लोकांना तिकीट लावून दाखवायची असेल तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, फेस्टिवलला पाठवताना त्यांचे त्यांचे नियम वाचा.

आणि खऱ्या जागेत शूट करणाऱ्यांनी हे वाचाच. झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर, काउंटरच्या काचेखाली, कचऱ्याच्या डब्यात लोकांच्या आधार कार्डाच्या, पॅनच्या, दहावीच्या मार्कशीटच्या खराब कॉप्या पडलेल्या असतात. आमच्या पहिल्या रात्रीच्या अकरा शॉटमधे एका बाईंचं आधार कार्ड नंबरासकट वाचता येत होतं. सगळे शॉट पुन्हा केले. वाया गेलेली रात्र ती हीच. आधी एक दुपार फक्त हे कागद काढायला ठेवा आणि त्यांच्या जागी स्वतः टाइप केलेले खोटे लावा.

५. सामान

कॅमेरा भारी नको, लेन्सचा विचार करा. छोट्या जागेत सगळे २४ एमएम किंवा त्याहून वाइड (आकडा जितका लहान तितका पसारा जास्त दिसतो) लावतात, मग भिंती लांब पळतात आणि १० बाय १२ चं दुकान हॉलसारखं दिसतं, म्हणजे कोंडमारा गायब. आमच्याकडे २४, ३५, ५० आणि शेवटच्या दोन रात्रींना ८५ होती. बाकी: छोटा ट्रायपॉड, कॅमेरा टेकवायला बीनबॅग (तांदळाची पिशवीसुद्धा चालते), दोन कॉलर माइक, एक बूम (काठीवरचा माइक), रेकॉर्डर, काळा जाड कपडा दहा मीटर, रंगीत चिकटपट्ट्या, बॅटरीवर चालणारे दोन छोटे एलईडी, एक्स्टेन्शन बोर्ड, टॉवेल, ग्लुकोज. टॉवेल का ते कळेलच.

६. तालीम दुकानाबाहेर, मापात

गच्चीवर खडूने १० बाय १२ चा चौकोन आखला, खुर्च्या ठेवून काउंटर केलं आणि आठ दिवस तिथे तालीम. एकांकिकेची सवय इथे कामाला आली. पोराचं काम करणाऱ्याला कुठली वस्तू किती पावलांवर आहे ते पाठ झालं, त्यामुळे अंधारातल्या सीनला तो खरंच न बघता हात टाकतो. बाहेरचा माणूस फिल्ममधे एकदाही दिसत नाही, फक्त आवाज आणि फटीतून बोटं. पण तो नट रोज तालमीला होता आणि शूटिंगलाही सहाही रात्री शटरबाहेर स्टुलावर बसून सगळे डायलॉग लाइव्ह बोलला. हे पैसे वाचवायच्या नादात रेकॉर्डिंगवर करू नका, आतल्या नटाचा चेहराच मेला असता.

७. कॅमेरा: खोली हळूहळू लहान करा

याचं सगळ्यात चांगलं शिक्षण दिग्दर्शक सिडनी लुमेटच्या १९५७ च्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' मधे फुकट मिळतं. बारा माणसं एका खोलीत. लुमेटने सुरुवातीचा भाग डोळ्यांच्या वरून शूट केला, मधला डोळ्यांच्या पातळीला, शेवटचा खालून, त्यामुळे शेवटी शेवटी छत दिसायला लागतं. आणि लेन्स हळूहळू लांब फोकल लेंग्थच्या (मोठ्या आकड्याच्या) लावत गेला म्हणजे मागची भिंत माणसाच्या पाठीला येऊन चिकटते. खोली तीच, पण श्वास कोंडतो.

आम्ही हे ढापलं, लपवत नाही. पहिली सात मिनिटं २४ आणि ३५, मधली ५०, शेवटची बहुतेक ८५. ८५ ला आमच्या दुकानात मागे जायला जागाच नव्हती, म्हणून कॅमेरा शटरबाहेर ठेवून, शटर दीड फूट वर करून, आडवं पडून शूट केलं. पाठ गेली पण शॉट आला.

ॲक्सिसचा नियम मोडू नका. शटर आणि पोरगा यांच्यात एक रेघ धरा आणि कॅमेरा शक्यतो एकाच बाजूला ठेवा, नाहीतर कट केल्यावर तो शटरकडे बघतोय का भिंतीकडे तेच कळत नाही. मुद्दाम मोडायचा तर एकदाच मोडा. आम्ही कागद वाचल्यावर मोडला.

८. लाइट आणि वीज

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करत असाल तरी आणि २४ वर असाल तरी. नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी पडद्यावर फडफडतात, आणि फोनच्या छोट्या स्क्रीनवर ते दिसत नाही, एडिटला बसल्यावर दिसतं. टेस्ट शूट करून घरी मोठ्या स्क्रीनवर बघा.

उजेड खोलीतूनच यायला हवा, म्हणजे ट्यूब, मॉनिटर, शटरच्या फटीतून रस्त्याचा दिवा. आणि आमच्याकडे होतं मशीन. झाकण उघडं ठेवून कॉपी काढली की पांढरट हिरवी पट्टी चेहऱ्यावरून सरकत जाते. ट्यूब बंद पडल्यावर पोरगा त्याच उजेडात दुकान शोधतो, बटण दाबतो, चार सेकंद दिसतं, पुन्हा अंधार. तुमच्या जागेतही असं काहीतरी असेलच, फ्रिजचं दार, गॅसची शेगडी, लिफ्टचे आकडे. बाहेरून लाइट भाड्याने आणायच्या आधी ते शोधा.

पण मशीन सुरू होताना जबरदस्त करंट खेचतं. मशीन, दोन लाइट आणि पंखा एकत्र लावल्यावर एमसीबी (लोड वाढला की वीज तोडणारा स्विच) पडला, आमचाच नाही तर शेजारच्या डेअरीचा फ्रिजपण बंद झाला. त्या दिवसापासून लाइट बॅटरीवर.

९. आवाज

याच्यावर अर्धं बजेट आणि दुप्पट डोकं घाला. बाहेरचं जग दाखवायचंच नाहीये म्हटल्यावर ते सगळं कानातून येणार आहे.

शूटिंगला आधी नको ते आवाज मारा. पंखा बंद, ट्यूबचा चोक गुणगुणत असेल तर बदला, इन्व्हर्टर बंद, शेजारच्या फ्रिजचं काही करता येत नाही त्यांच्याशी गोड बोला. पंखा बंद, शटर खाली, आत पाच माणसं: आता टॉवेल कळला असेल. दर शॉटनंतर घाम पुसायचा, आणि पुढच्या शॉटला घाम हवा असेल तर पाण्याचा स्प्रे मारायचा, खरा घाम मॅच होत नाही.

रोज रात्री सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. शांतता प्रत्येक खोलीची वेगळी असते आणि एडिटमधे दोन डायलॉगच्या मधे तीच भरायला लागते. आम्ही तिसऱ्या रात्री विसरलो आणि त्या रात्रीच्या सीनमधे अजूनही कान दिला तर ठिगळं ऐकू येतात.

मग हवे ते आवाज वेगळे गोळा करा. शटरचे आम्ही चौदा प्रकारचे आवाज घेतले: ओढताना, आपटताना, कोयंडा लागताना, कोणी नखाने खाजवल्यासारखं, कोणी पाठ टेकवल्यावर पत्रा आत दबतो तो. शेवटचा आवाज नुसता ऐकवला तरी बघणारे मागे सरकतात, माणूस दिसत नाही पण त्याचं वजन कळतं. आणि घड्याळ न दाखवता वेळ दाखवायची असेल तर रस्ता ऐका. दहाला शेजारची शटरं पडतात, बाराला कुत्री, दोनला काहीच नाही, चारला दुधाचे क्रेट आपटतात, पाचला देवळातली काकड आरती. फिल्ममधे दुधाचे क्रेट वाजले की सुटका जवळ आली असं वाटतं, आणि आम्ही नेमकं तिथेच बाहेरच्या माणसाला म्हणायला लावलंय, "दूधवाला मीच आहे असं समज."

१०. कुलूप खरं लावू नका

गंमत नाही. आमच्यातल्या एकाला वाटलं खरंच कोंडलं तर ॲक्टिंग खरी होईल. होणार नाही, माणूस घाबरतो आणि डायलॉग विसरतो, आणि आत वायरी, कागद आणि गरम लाइट आहेत. कुलूप फक्त अडकवलेलं असायचं, किल्ली बाहेर एकाच ठरलेल्या माणसाकडे, आत अग्निशामक सिलिंडर, दर वीस मिनिटांनी शटर वर. नटाबरोबर एक शब्द ठरवून घ्या, तो म्हटला की शॉट कितीही भारी चालू असो, शटर उघडायचं. आमचा शब्द होता "पोहे", आणि तो दोनदा वापरला गेला. जनरेटर लावणार असाल तर तो बाहेर, उघड्यावर, लांब. बंद जागेत त्याच्या धुराने माणूस मरतो.

११. कंटिन्युइटी

म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळणं. एका रात्रीची गोष्ट सहा रात्रीत शूट होते, म्हणून प्रत्येक शॉटनंतर फोनने चार भिंतींचे चार फोटो. पाण्याच्या बाटलीची पातळी, कागदांचा पसारा, शर्टाची बटणं, दाढी. दाढी विशेषतः. शक्य असेल तर गोष्टीच्या क्रमानेच शूट करा, एका लोकेशनचा हा एकमेव खरा फायदा आहे आणि लोक तोच सोडून देतात.

१२. एडिट

पहिला कट ३१ मिनिटांचा होता. नऊ मिनिटं कापली त्यातली बहुतेक पोरगा घाबरून इकडेतिकडे बघतोय अशी. आधी फक्त चित्र लावून म्यूट करून बघा, खोली कळते का. मग चित्र बंद करून फक्त ऐका, गोष्ट कळते का. दोन्हीकडे अडखळलं तिथे खूण करा. म्युझिक सगळ्यात शेवटी, आम्ही शेवटी फक्त दोन ठिकाणी ठेवलं.

१३. जागा परत देताना

पहिल्या दिवशी काढलेले फोटो समोर ठेवून सगळं होतं तिथे ठेवा, चिकटपट्ट्या काढा, शटरला तेल घाला. आणि झेरॉक्सवाल्यांसाठी खास: मशीनचं रीडिंग शूटिंगच्या आधी आणि नंतर लिहून घ्या. मेंटेनन्सचं बिल कॉपीच्या आकड्यावर येतं. त्या हिरव्या पट्टीच्या नादात आमच्या ६१२ कॉप्या निघाल्या होत्या, सगळ्या काळ्याकुट्ट, म्हणजे टोनरपण गेला. मामा काही बोलले नाहीत, फक्त बिल फोटोफ्रेममधे घालून काउंटरवर ठेवलं, ते भरेपर्यंत तसंच होतं.